घडीचं घर

साहेबांनी गिऱ्हाइकांसमोर नकाशा पसरला आणि दारातून पाहणाऱ्या फूटपट्टीनं शिपाईकाकांची बाही ओढली. कागदावर आडव्या घड्या होत्या!

फूटपट्टी म्हणजे घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसातला काटकुळा ड्राफ्ट्समन. जेवणाच्या सुट्टीत तो, टायपिस्टबाई आणि शिपाईकाका एक खेळ खेळत. एकानं तळमजला काढून कागद दुमडायचा, दुसऱ्यानं तो न बघता मधला मजला काढायचा, तिसऱ्यानं वरचा. मग कागद उलगडून पोट धरून हसायचं. कालच्या घरात खालचा जिना भिंतीला धडकत होता, मधल्या मजल्यात कोणालाच शिरता येत नव्हतं आणि वरच्या मजल्याचा जिना बाहेरूनच रस्त्यावर उतरत होता. गंमत म्हणून फूटपट्टीनं कोपऱ्यात ऑफिसचा शिक्का मारला. शिक्क्याचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, हे काकांच्या हातांना वीस वर्षांचं वळण; हाही त्यांनी तसाच ठेवला.

"काका, नोकरी गेली माझी!" फूटपट्टी कुजबुजला.

"तुझी एकट्याची? मधला मजला माझाय," काका म्हणाले.

आत गिऱ्हाईक म्हणून आलेले दोघे भाऊ बाकाच्या दोन टोकांना बसले होते. त्यांनी आजवर सात नकाशे नापास केले होते. आठवाही नापास झाला तर काम दुसरीकडे जाणार, आणि मग फूटपट्टीलाही घरी बसवणार, असं साहेबांनी बजावलं होतं.

"हा जिना कुठं जातो?" थोरल्यानं विचारलं.

साहेबांनी नकाशा नीट पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "भिंतीत."

"म्हणजे वरून कोणी खाली येणार नाही?"

"नाही."

"आणि," थोरल्याकडे न बघता धाकट्यानं साहेबांना विचारलं, "खालून कोणी वर येईल का?"

"शक्यच नाही."

"मधे कोण राहणार?" थोरल्यानं विचारलं.

"कोणीच नाही," साहेब रडवेल्या आवाजात म्हणाले.

दोघे भाऊ एकदमच उठले. फूटपट्टीनं डोळे घट्ट मिटले.

"सात वेळा दोघांत एकच जिना दाखवलात!" थोरला गहिवरून म्हणाला. "आमच्या मनातलं ओळखणारा हा पहिलाच माणूस. इंचभरही बदलायचं नाही."

धाकट्यानं मान डोलावली. बारा वर्षांत भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

फूटपट्टीचा जीव भांड्यात पडला. इतक्यात साहेबांनी त्याला आत बोलावून त्याच्या हातात पेन दिलं.

"शाबास! कर सही. आणि हे घर उभं कसं राहणार, तेवढं सोमवारपर्यंत सांग."