सरकारी दुधावरचा उतारा

रविवारी दुपारी मोरीत पेला आपटला. पेला जर्मलचा, त्यामुळं आवाज मोठा आणि पोचट. तोवर घरात इतकी सामसूम होती की चुलीजवळ निजलेली मांजर उठून बसली आणि फाटका परकर शिवणाऱ्या लिलाबाईंची सुई हवेतच थांबली. घरात पेला पडणं ही तशी किरकोळ बाब. परंतु सदर पेल्यात सरकारी दूध होतं, आणि ते लिलाबाईंच्या सहा वर्षांच्या लेकीनं, भागिरथानं, प्यायचं होतं. तेही हसत.

"सांडलं का व?"

"सांडलं नाई. म्या सांडवलं," भागी म्हणाली. ती पहिलीतच होती. खोटं बोलणं अजून अभ्यासक्रमात लागलेलं नव्हतं.

"काहून?"

"पोटात कसंतरीच होते आई. ते दूध नाई, पाटी धुतलेलं पाणी हाय."

लिलाबाईंना रागवायचं होतं. पण उपमा इतकी चपखल होती की रागाला जागाच उरली नाही.

हे गाव मंगरूळपिराहून कारंज्याकडं जाणाऱ्या वाटेवरचं. नाव सांगत नाही, कारण तिथली उपसमिती अजून बरखास्त झालेली नाही. लिलाबाई तिथल्या शाळेत बाई होत्या, पण कच्च्या. नवरा जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनावर नोकरीला, आठवड्याला घरी येणार. यंदा कायम झाल्या तर ठीक, नाही झाल्या तर जूनपासून शाळा बंद आणि कुणाच्या तरी वावरात निंदण चालू.

दूध सातासमुद्रापलीकडून पावडरीच्या रूपानं यायचं, एसटीच्या टपावरून गावात उतरायचं. शाळेची चूल सांभाळणाऱ्या प्रयागबाई मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळायच्या, पावडर ओतायच्या आणि लाकडी रवीनं घुसळायच्या. तरी गोळे राहायचेच. गाय कशी असते हे त्या दुधाला ऐकूनही माहीत नसावं. सुरुवातीला पोरं ते शाळेमागच्या बकऱ्यांना पाजत. पुढं बकऱ्यांनी वाट बदलली.

मग वरून परिपत्रक आलं. विषयांकित दूध मुलांना देण्यापूर्वी जबाबदार प्रौढ व्यक्तीनं चाखून पाहावं, असं त्यात होतं. हेडमास्तर इंद्रभान गुरुजी प्रौढ होते आणि हुद्द्यानं जबाबदारही. त्यांनी डोळे मिटून चमचाभर दूध घेतलं आणि पोट धरून ओट्यावर बसले. वैद्यबुवांना बोलावणं गेलं. बुवांनी नाडी पाहिली, थोडा विचार केला आणि पिशवीतून बाटली काढली.

"द्राक्षासव हाय. द्राक्षाचंच, पण मुरलेलं. या दुधावर दुसरा उतारा नाई."

गुरुजींना वाटीभर घेताच आराम पडला. दोन वाट्यांनी फार आराम पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून दोन चमचे दूध चाखलं, आणि संध्याकाळी गुरुजी पाढे चालीवर म्हणत घरी जाताना गावाला दिसले.

सरपंच उकंडराव हुशार माणूस. ते तिसऱ्या दिवशी दूध वाटपाच्या वेळेलाच शाळेत हजर झाले.

"गुरुजी, एवढा धोका तुमी एकट्यानं काहून घेता? गाव मेलं काय?"

अशा रीतीनं 'दूध चव-तपासणी उपसमिती' स्थापन झाली. तिच्यावर यायला आधी कुणी तयार नव्हतं. दुधाचं नाव काढताच लोक खाकरायचे. उताऱ्याची तरतूद जाहीर झाल्यावर मात्र गावात समाजकार्याची लाट आली. ज्यांची पोरं शाळेत नव्हती तेही पोरांच्या आरोग्यासाठी कळवळू लागले. एकाचं तर लग्नच झालेलं नव्हतं.

उपसमितीची कामाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक सभासदानं करंगळी दुधात बुडवायची, जिभेला लावायची, पोटावर हात ठेवून "आई गं" म्हणायचं आणि उताऱ्याच्या रांगेत बसायचं. महिनाभरात दुधाविषयी कुणी अवाक्षर बोलेना. चर्चा उताऱ्याच्या गुणदोषांवर होऊ लागली. उकंडराव वाटी उजेडाकडं धरत, हुंगत, घोट जिभेवर घोळवत आणि डोळे मिटून अभिप्राय देत.

"हे कारंज्याचं हाय. लवंग जास्त. मंगरुळातलं पा, कसं गळ्यातून आपसूक खाली उतरते."

"पण मंगरुळातल्याची चव जिभेवर टिकत नाई सरपंच," गुरुजी म्हणत. "मांगच्या साली मुरलेलं पाह्यजे होतं."

"घ्या बाप्पा! गुरुजी आता सालं वळखू राह्यले!"

"पोरायच्या तब्येतीचा प्रश्न हाय. वळखा लागते."

चूल फुंकणाऱ्या प्रयागबाई धुरातून म्हणाल्या, "मले बी घ्या ना त्या समितीत. रोज वास तं मीच घेतो."

"बायायचं पोट मजबूत राह्यते," उकंडराव म्हणाले, आणि ठराव बारगळला.

पोरांच्या दुधात पूर्वी गुळाचे खडे पडत. त्यामुळं नाक दाबून का होईना, दूध जायचं. पण गूळ आणि उतारा हे दोन्ही 'पोषण-पूरक बाबी' या एकाच सदरात येत असल्यामुळं आणि उपसमितीची पोटं दिवसेंदिवस अधिकच नाजूक होत चालल्यामुळं गुळाला जागा उरली नाही. दूध बेचव झालं. पोरं जास्त ओकू लागली. पोरं ओकतात म्हणजे दूध धोक्याचं, असा निष्कर्ष काढून उपसमितीनं चाखणं सकाळ-संध्याकाळ केलं.

आणि नेमकी तेव्हाच शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार असल्याची बातमी आली.

"बाई," गुरुजी लिलाबाईंना म्हणाले, "साहेबाले पोरं हसत दूध पेतांनी दिसली पाह्यजेत. रांगेत पयली तुमची भागी उभी करा. मास्तरणीची पोरगी पेते म्हटल्यावर बाकीचे पेतीन. तुमची कायमची ऑर्डर साहेबाच्या सहीवर हाय, मी का सांगू?"

म्हणून रविवारी सराव होता, म्हणून पुडीतून पावडर घरी आली होती आणि म्हणून पेला मोरीत पडला होता.

लिलाबाईंनी पुन्हा दूध कालवलं. या वेळी अर्धा पेला स्वतःच्या तोंडाला लावला. गिळलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, तरी तोंड हसतं ठेवलं. भागी टक लावून पाहत होती.

"आई, तुले बी कसंतरी होते ना?"

"होते."

"मंग हसतं काहून?"

"तूच हसवून राह्यली ना," लिलाबाई म्हणाल्या, आणि दोघी खरोखरच हसत सुटल्या. ते हसू सरकारी नव्हतं. उरलेलं अर्धं दूध भागीनं त्या हसण्यातच पिऊन टाकलं. "तुह्यासाठी पेली हं," ती तोंड पुसत म्हणाली. लिलाबाईंनी परकर पुन्हा शिवायला घेतला, पण बराच वेळ सुईत दोरा जाईना.

तपासणीच्या दिवशी साहेब जीपमधून उतरले. शाळा सारवलेली, पोरं तेल चोपडून रांगेत. भागी पहिली. तिनं आधी आईकडं पाहिलं, मग दोन्ही हातांनी पेला धरून शेवटच्या थेंबापर्यंत दूध प्यायली. आणि हसली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, पण हसू जागचं हललं नाही. मागची सगळी रांग तिच्याकडं बघून तशीच रडत हसत प्यायली. साहेब प्रसन्न झाले.

"आता आपण चाखावं साहेब. परिपत्रक हाय," गुरुजी अदबीनं म्हणाले.

साहेबांनी चमच्याचं टोक ओठाला लावलं आणि रुमाल काढला. "उत्तम," ते म्हणाले. "यावर उतारा काय असतो म्हणे?"

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण अशा बाबी वर आपोआप कळतात.

ऑफिसात सतरंजी टाकलेलीच होती. पहिल्या वाटीनंतर साहेबांना आठवलं की लहानपणी शहरातल्या शाळेत त्यांनाही दूध मिळायचं. "बरं असायचं," ते म्हणाले. दुसऱ्या वाटीनंतर त्या दुधावर साय आली. तिसरीत वेलदोडा पडला, चौथीत केशर, आणि पाचवी साहेबांनी स्वतःच ओतून घेतली.

"काय दूध होतं ते! मास्तर प्रेमानं द्यायचे आणि आम्ही आणखी मागायचो! आजच्या पोरांना किंमतच नाही!"

उपसमितीनं माना डोलावल्या. उकंडरावांना तर आपणही शाळेत दूध प्यायलो होतो असं आठवू लागलं. वास्तविक ते शाळेतच गेले नव्हते. वाचकांपैकी ज्यांना आपल्या शाळेचं दूध गोड आठवत असेल, त्यांनी आपल्या हातात सध्या काय आहे ते एकदा पाहून घ्यावं.

तेवढ्यात खिडकीबाहेर आवाज आला. कडुनिंबाखाली भागी ओणवी होऊन ओकत होती, आणि लिलाबाई तिचं कपाळ धरून उभ्या होत्या.

"हे काय?" साहेबांनी गंभीरपणे विचारलं.

गुरुजींचा चेहरा उतरला. ऑर्डर गेली, असं लिलाबाई समजून चुकल्या.

"सवय नाही पोरीला," साहेब म्हणाले. "एका पेल्यानं सवय होत नसते. उद्यापासून दोन द्या. आणि या बाई फार कर्तव्यदक्ष दिसतात. पोटच्या पोरीचाही मुलाहिजा ठेवत नाहीत. कुठं सही करायची?"

सही झाली. लिलाबाई कायम झाल्या. पोरांना दूध पाजायचं कामही त्यांच्याकडं कायम झालं. दुप्पट दुधाला दुप्पट चाखणं आलं, त्यामुळं उपसमितीत नव्या जागा निघाल्या.

"पेढे वाटा मास्तरीणबाई," गंज घासता घासता प्रयागबाई म्हणाल्या. "फकस्त दुधाचे नोका आणू."

दिवेलागणीला लिलाबाईंनी भागीला मांडीवर घेतलं, ओल्या पदरानं तिचं तोंड पुसलं, गुळाचा खडा हातावर ठेवला. शाळेकडून अजून उपसमितीच्या गाण्याचा आवाज येत होता. भागीनं खडा चोखला नाही. मुठीत धरून ती ऐकत राहिली. मग तिनं वर पाहिलं. घरी ती आई म्हणायची आणि शाळेत बाई. हा प्रश्न शाळेचा असावा, कारण ती म्हणाली,

"बाई, त्याईचं पोट दुखलं तं त्याईले औषध भेटते. आमचं दुखलं तं आमाले अजून दूध. पोट खरंखुरं दुखाले किती मोठं व्हा लागते?"