हिरालाल आप्पांची बिननावाची लाइन

रोज दुपारी डबा उघडण्याआधी हिरालाल आप्पा कॉम्प्युटरकडे वाकून हळूच विचारायचे, "जेवनी का?" मग पडद्यावर काहीतरी बघायचे, मान हलवायचे आणि पहिला घास घ्यायचे.

शहाद्याच्या एका बियाणे कंपनीत मी हिशेब बघतो, आप्पा फोन. आमचे फोन इंटरनेटवरून चालतात. आवाजाचे बारीक तुकडे होऊन जातात, त्यांना पॅकेट म्हणतात. किती गेली, किती आली, हे आप्पांच्या पडद्यावर सतत मोजलं जातं. माणसांचं निदानही ते तसंच करायचे. माझं बायकोशी बिनसलं की म्हणायचे, "तुन्हं जाई ऱ्हायनं, तिन्हं येत नई. लाइन तपास." साहेबांच्या केबिनमधून बाहेर आले की, "नुसतं येई ऱ्हायनं भाऊ, जात काहीच नई!"

पडद्यावर प्रत्येक फोनची एक ओळ. गोदाम, दुकान, नवापूरची शाखा. तळाची ओळ मात्र बिननावाची. त्या लाइनवर बोलणारं कुणी नव्हतं, तरी ती दिवसभर हिरवी असायची. आकडा थोडा चालायचा, थबकायचा, पुन्हा चालायचा. शिपायाने तर भीतीने आप्पांचं टेबल पुसणंच सोडलं होतं.

एकदा मी विचारलंच. "आप्पा, हिच्यावर कोण आहे?"

त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवले. काहीच ऐकू येईना. आकडाही गप्प. मग एक ओढल्यासारखा आवाज आला आणि आकडा पळाला. शांतता. पुन्हा तोच आवाज, पुन्हा आकडा. अगदी माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. मी हेडफोन ओढून काढले.

"मन्ही माय शे," आप्पा म्हणाले.

लकव्याने आईची वाचा गेली होती. आप्पांचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे लोणखेड्याच्या घरात ती दिवसभर एकटीच. दुपारी शेजारीण भरवून जायची. साहेबांना विचारून आप्पांनी तिच्या उशाशी एक फोन ठेवला होता, रिसीव्हर कायम तिच्या तोंडाशी. आवाज असेल तेव्हाच त्याने पॅकेट पाठवायचं, असा तो लावलेला. "जेवनी का?" ऐकलं की माय बोटाने रिसीव्हरवर टिचकी मारायची.

"दिवसभर श्वास ऐकत बसू त काम नई व्हत," आप्पा म्हणाले. "आकडा सरकना का मले समजस, माय शे."

ऐन थंडीत एका सकाळी आप्पा खुर्चीतून उभे राहिले. "येत नई," एवढंच म्हणाले. मी गाडी काढली. वाटभर ते मागे बसून मोबाइलवर तोच आकडा बघत होते. तो हलला नाही.

माय गेली होती. रिसीव्हर तोंडाशी तसाच होता. आप्पा दारातच थांबले.

"माय, मी उनू."

त्यांच्या हातातल्या मोबाइलवर आकडा पुढे सरकला. आम्ही दोघांनीही तो बघितला.

तेरावं उरकून आप्पा कामावर आले. मी चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो आणि हातातला कप तसाच राहिला. तळाची ओळ हिरवी होती. आकडा आता थबकतही नव्हता, एकसारखा धावत होता.

"आप्पा," मी विचारलं, "घरी कोण आहे?"

"कोनी नई," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मी फोनसमोर पंखा चालू ठेईसन येस."