कासीम मास्तरांचा ‘मे’

उमरग्याच्या मोटार स्टँडवर एकदा जीपमधून आलेला एक साहेब शिपायाला म्हणाला, “यू शुड लुक इन्टू इट.” झालं! पानाच्या ठेल्यापाशी उभे असलेले कासीम मास्तर धावत गेले आणि जीपचा दरवाजा धरून म्हणाले, “साहेब, माफ करा. ‘लुक इन्टू’ म्हणालात. पण बघायचं कशात? भांडं तर कुठं दिसत न्हाय.”

साहेबाला वाटलं, हा कसला तरी अर्ज घेऊन आलाय. “आय विल लुक इन्टू इट,” म्हणून त्याने सुटका करून घेतली. मास्तर विजयी मुद्रेने परतले. “बगा जोशीसाब, ‘शुड’च्या मागं बी चालतं, ‘विल’च्या मागं बी चालतं!”

मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचो. पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं झाली असतील. निजामाच्या अमदानीत मास्तर उर्दूतून भूगोल शिकवत. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली, इंग्रजीचे तास वाढले, आणि चाळिशी उलटलेल्या या माणसाने एक फाटका कोश मिळवून इंग्रजी शिकायला घेतली. तीही अख्खी नाही. कविता, स्पेलिंग, निबंध यांच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मस्ट, शुड, कॅन ही मंडळी, आणि त्यांच्या मागे चालणारी अप-ऑफ-आउटच्या शेपटांची क्रियापदं, एवढ्यावरच त्यांचा जीव.

“‘गिव्ह’ म्हणजे देणं,” ते वर्गात विचारत, “मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं कसं? वर कोण बसलंय घ्यायला?” मग त्यांची ठरलेली उतरंड यायची. ‘मस्ट’ म्हणजे तहसीलदार, ऐकावंच लागतं. ‘शुड’ म्हणजे थोरला भाऊ, नाही ऐकलं तर रुसतो. ‘कॅन’ म्हणजे पैलवान. एकदा फळ्यावर लिहिलं, ‘ही कुड हॅव गॉट अवे.’ पोरांना म्हणाले, “चोर पळाला का?” पोरं ओरडली, “पळाला!” मास्तरांनी कपाळाला हात लावला. “येवढे शब्द राबले, तरी गडी जागचा हालला न्हाय! पळू शकला असता, म्हंजे पळाला न्हाय!” हेडमास्तर चोर शोधायला बाहेर आले होते, असं शिपाई पुढं बरेच दिवस सांगायचा.

संध्याकाळी आमची बैठक बसप्पांच्या भुसार दुकानात. बसप्पा घरी कन्नड बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांचं ठाम मत होतं की इंग्रजी ही येड्यांची भाषा. “शब्दाला शेपूट लावलं की अर्थच फिरतोय व्हय!”

“तुमचं काय वेगळं हाय?” मास्तर म्हणायचे. “काल तुमीच म्हणालात, म्हैस स्वस्तात विकून बसलो. बसलात कुठं? ह्या तराजूपाशी उभंच होतात की!”

बसप्पा मापटं हातात धरून विचारात पडले. मास्तरांनी तेवढ्यात वही काढून ‘विकून बसणे’ टिपून घेतलं.

त्या वर्षी ज्वारीच्या खळ्यांच्या दिवसांत बसप्पांच्या बायकोला, गंगव्वाबाईंना, ताप भरला. उतरेना म्हणून त्यांच्या भावाने त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. बसप्पा धान्याची घाई संपवून जाणार होते. चौथ्या दिवशी दुपारी ट्रकवाल्याच्या हाती डॉक्टरची चिठ्ठी आली. इंग्रजीत. त्या दिवशी शाळेला सुटी होती, आम्ही दोघं दुकानातच होतो.

बसप्पांनी चिठ्ठी मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी ती वाचली. परत वाचली.

“काय म्हणतोय डॉक्टर?”

“म्हणतोय, कदाचित निभावून जातील.” मास्तर उठले. “पण तुम्ही आलंच पायजे. आत्ताच. हाच ट्रक फिरून जातोय, बसा त्यात.”

“निभावंल म्हणतोय न्हवं?”

“कदाचित. उठा आता! दुकान आमी लावतो.”

बसप्पा अंगावरच्या सदऱ्यानिशी ट्रकमध्ये चढले. चिठ्ठी पोत्यावरच राहिली होती. मी ती उचलली. ‘शी मे नॉट पुल थ्रू. यू शुड कम ओव्हर.’

“मास्तर, ह्यात ‘नॉट’ आहे,” मी म्हणालो.

“हाय ना. ‘मे नॉट’. न्हाय निभावणार, असं होऊ शकतं. म्हंजे निभावतील, असं बी होऊ शकतं. तुमी गणितवाले, सांगा, मी झूट बोललो का?”

मास्तर दुकानाच्या फळ्या लावता लावता थांबले.

“‘शुड’चा ‘मस्ट’ केला, ती मात्र माझी गलती,” ते म्हणाले, आणि पोत्यावर टेकून त्यांनी कधी न काढलेला विषय काढला. विलीनीकरणाच्या पुढच्याच साली त्यांची बायको माहेरी आजारी पडली होती. तिच्या भावाने तिला हैदराबादला दवाखान्यात ठेवलं. तिथून मास्तरांना असंच इंग्रजी पत्र आलं. त्यांना वाचता येईना. कचेरीतल्या एका कारकुनाने वाचून सांगितलं, बाई वाचणार नाही.

“वाचणारच न्हाय म्हटल्यावर पळून काय करायचं? मी कफनाचं कापड घेतलं. गावोगाव फिरून तिच्या बहिणींना जमा केलं. पोचलो तिसऱ्या दिवशी. ती त्याच दिवशी सकाळी गेली होती.” मास्तर खाली बघत होते. “नंतर कोश मिळाल्यावर ते पत्र लावून वाचलं. त्यात बी हाच ‘मे’ होता. दोन दिवस होते जोशीसाब माझ्या हातात. त्या दोन दिवसांत तिला शुद्ध होती का, कुणाला विचारायची हिंमतच झाली न्हाय.”

गंगव्वाबाई वाचल्या. महिन्याने घरी आल्या त्या निम्म्या होऊन, पण स्वतःच्या पायांनी एस.टी.तून उतरल्या. आठवड्याभराने त्यांनी आम्हां दोघांना जेवायला बोलावलं. ओसरीवर पानं मांडली होती. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, त्या स्वतः वाढत होत्या. मास्तर इंग्रजीचं एक अक्षर बोलत नव्हते. खीर वाढून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

“वैनी, एक विचारू? तिथं पडल्या असताना, हे यायच्या आधी... आपलं माणूस आलं न्हाय, हे कळत होतं का?”

गंगव्वाबाई पळी हातात घेऊन थांबल्या. मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बसप्पांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं की दवाखान्यात ते दिसताच गंगव्वाबाई पहिलं वाक्य बोलल्या, “चार दिस दाराकडं बघतेय मी.”

“न्हाय मास्तर,” गंगव्वाबाई म्हणाल्या. “तापानं डोकं फिरलेलं. कोण आलं, कोण न्हाय, कायबी कळत नव्हतं बगा. झोपल्यासारखंच.”

बसप्पा काहीतरी बोलणार होते. गंगव्वाबाईंनी नवऱ्याच्या पानात आणखी एक पळी खीर ओतली.

मास्तरांनी पान जवळ ओढून घेतलं. मग म्हणाले, “असं व्हय,” आणि जेवू लागले.