विलासदादांचं वजन

आमच्या राहनाळच्या गोदामात सकाळी काट्यावर पहिले चढतात ते विलासदादा, पार्सल नंतर. चप्पल काढायची, मोबाइल माझ्या हातात द्यायचा, आकडा बघायचा आणि काट्यालाच दम द्यायचा, "साला, झूठ बोलता है." मग माझ्याकडे वळून, "आपण ओव्हरवेट माल हाय रे. बाजूला काढून ठेव."

दादा पूर्वी काटकुळे होते. डोक्याच्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि अंग सुटलं, मागोमाग साखरही वाढली. ते काही लपवत नाहीत. "डोकं जाग्यावर आलं, पोट जागा सोडून गेलं," म्हणतात.

ते आजारी होते तेव्हा कामतघरच्या त्यांच्या खोलीकडे कुणी फिरकलं नाही. पोट सुटल्यावर मात्र सगळे डॉक्टर झाले. कुणी कारल्याचा रस आणतो, कुणी मेथ्या. सुपरवायझर तर म्हणाला, "गोळ्या सोड, आपोआप उतरशील."

गेल्या वर्षी दादांनी गुपचूप सोडल्या. खरंच उतरले. "हीरो दिसतोस," म्हणून लोकांनी पाठ थोपटली. मग एका दुपारी ते सीलबंद खोके कटरने फाडू लागले. आतून कुणीतरी हाका मारतंय, म्हणत होते. पाठ थोपटणारे तेव्हा भिंतीला चिकटून व्हिडिओ काढत होते. मला त्या लोकांची अजून चीड येते.

दिघाशीहून त्यांची आई आली, तिनेच त्यांना दवाखान्यात नेलं. गोळ्या परत सुरू झाल्या, पोटही परत आलं. या खेपेला डॉक्टरांनी साखरेची गोळी जोडून दिली आणि चालायला सांगितलं. दादा रिक्षा सोडून पायी येऊ लागले.

परवा ते काट्यावर असतानाच आईचा फोन आला. मी स्पीकर लावून धरला.

"किती भरलं रं आज?"

काट्यावर ब्याण्णव होते. चालण्याचा गुण आला होता, चार किलो उतरले होते.

"शहाण्णव," दादा म्हणाले.

"बरं झालं. म्हंजे गोळ्या चालू हायेत." म्हातारीने फोन ठेवला.

मी काट्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं.

"गोळी रोज घेतो रे," दादा चप्पल शोधत म्हणाले. "पण तसं सांगून तिला पटत न्हाय. मागल्या टायमाला सोडलेल्या, तेव्हा पण मी तिला 'घेतो' असंच सांगत होतो. आता बारीक झालो म्हटलं तर ती जेवायची न्हाय."

त्या दिवशी काट्याला त्यांनी दम दिला नाही.