कडुबाअण्णांची दुखणी

कडुबाअण्णांचं अपेंडिक्स आमच्या पुंडलिकनगरात आजवर तीन वेळा काढून झालं आहे. तिन्ही वेळा पेशंट दुसराच होता. अण्णा नुसते समाचाराला गेले होते.

गल्लीत कुणी अंथरूण धरलं, की संध्याकाळी अण्णा हजर. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात मोसंब्यांची पिशवी. औरंगपुऱ्यातलं कापडाचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून त्यांना हाच एक उद्योग आहे. खुर्ची ओढून बसतात, पेशंटचं सगळं ऐकून घेतात आणि मग स्वतःच्याच मांडीवर थाप मारतात. "मला बी झालं व्हतं! तुमच्यापेक्षा लई बेकार. पण हाय का नाय ठणठणीत?"

कावीळ झालेल्याला सांगतात, "मला तर समदी दुनियाच हळद लावल्यागत दिसायची." मुतखडावाल्याला म्हणतात, "तुमचा हरभऱ्याएवढा? माझा लिंबाएवढा व्हता. डॉक्टरनं बघायला ठेवून घेतला." गालगुंड, नागीण, हर्निया, कुत्रं चावणं, त्यांना काही म्हणजे काही चुकलेलं नाही. समोरच्या जोशी सरांचा पाय मोडला, तेव्हा अण्णा उजव्या पायाने लंगडत आत गेले आणि डाव्या पायाने लंगडत बाहेर आले.

सलीमभाई टेलर त्यांचे जुने दोस्त. ते एकदा कमरेला पट्टा बांधून पडले होते. अण्णांनी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "अण्णा, पिछले हफ्ते आपकू पथरी थी, उसके पैले पीलिया. आप जिंदा कैसे हैं?"

"वहीच तो बोल रहा हूं!" अण्णा म्हणाले. "इतकं होऊन बी जिता हाय. तुमची तर नुसती कंबर हाय."

सलीमभाई हसले, हसताना कमरेत कळ आली, तरी हसतच राहिले.

आमच्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "या माणसाला मी साधं शिंकताना पाहिलेलं नाही." मला अण्णांची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. माणसाने थापा माराव्यात, पण त्यांना काही सुमार?

मग वेळ आली माझ्या बायकोवर, सुनंदावर. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, गर्भपिशवी काढायची ठरली. दवाखान्यात भरती झालो आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाईसाहेब अडून बसल्या. गंगापूरची मावशी समाचाराला येऊन गेली होती आणि जाता जाता मोठ्या प्रेमाने सांगून गेली होती, "जप गं बाई, आमच्या शेजारची टेबलावरून उठलीच नाय." झालं! सुनंदा बॅग भरून, चपला घालून पलंगाच्या काठावर बसली. "मला नाही करायचं. घरी चला."

रक्त जायचं थांबत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता आणखी पुढे ढकललं तर जिवाशी खेळ आहे. मी समजावलं, हात जोडले, चिडलोसुद्धा. ती ऐकेना.

तेवढ्यात मोसंब्यांची पिशवी आत आली.

अण्णांनी खुर्ची ओढली. काय होतंय, कसलं ऑपरेशन, सगळं मान हलवत ऐकून घेतलं. आणि सवयीने मांडीवर थाप मारली. "मला बी झालं व्हतं!"

मग शेजारच्या पलंगावरची म्हातारी फिस्सकन हसली, नर्सने हातातला ट्रे खाली ठेवला, आणि आमची सुनंदा पोट धरून, डोळे पुसत हसू लागली. दोन दिवसांत तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. अण्णा कानापर्यंत लाल झाले.

"म्हंजे... मला नाय," ते चाचरले. "आमच्या हिला. हेच आप्रेशन."

सुनंदा हसायची थांबली. "मग? काय झालं त्यांचं?"

अण्णांनी एक मोसंबं काढलं आणि खाली मान घालून सोलायला घेतलं. "काय व्हणार? महिन्यात भाकरी थापाया लागली. मीच म्हणायचो, अगं, दम धर जरा."

सुनंदाने पायातल्या चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मोसंब्याची फोड मागितली.

मी अण्णांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून ते विधुरच आहेत. म्हणून विचारलं, "अण्णा, काकू खरंच बऱ्या झाल्या होत्या?"

ते कठडा धरून थांबले. "नाय रे. गेली ती. आदल्या दिवशी लई भ्याली व्हती. येणारा जो तो मेलेल्या माणसांच्याच गोष्टी सांगायचा. मला झालं व्हतं अन् मी उठलो, असं म्हणणारं एक बी माणूस आलं नाय तिच्यापाशी." त्यांनी टोपी नीट केली. "तुझ्या बायकूला सांगू नको."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण तोवर ते उतरून गेले होते.

ऑपरेशन छान पार पडलं. महिना पुरता व्हायच्या आत, माझं न ऐकता, सुनंदाने अण्णांना जेवायला बोलावलं. तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकत म्हणाली, "बघा अण्णा, काकूंच्याही आधी थापली की नाही?"

अण्णांनी भाकरी मोडली. वाफ निघत होती, तिच्याकडे ते बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "पण आमच्या हिची जरा जाड असायची." आणि त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ पोरी, आणखी एक."