स्कीची जोडी, दिलेल्या मापाप्रमाणे

खरेदीत मला कोणी फसवू शकत नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं खरेदी विभागात काढली म्हणून सांगतो. बेअरिंगपासून कँटीनच्या बाकांपर्यंत सगळं मी विकत घेतलं. तीन ठिकाणचे भाव, तुलनेचा तक्ता, मग ऑर्डर. माझ्या काळात चुकीचा माल कारखान्यात एकदाच आला, आणि तोसुद्धा मी रजेवर असताना.

फक्त स्वतःसाठी मी कधी काही विकत घेतलं नव्हतं. शर्ट, चपला, मोजे, सगळं बायको आणायची. मी घालून बघायचो आणि बरोबर बसायचं. ती गेली त्याला नऊ महिने झाले. मोजे अजून पुरताहेत.

आमची लेक आणि जावई दर हिवाळ्यात चार दिवस बर्फात स्की करायला जातात. आम्ही दोघंही बरोबर जायचो. ते डोंगरावर, आम्ही खाली हॉटेलच्या खिडकीत चहा घेत, कोण कितीदा पडतंय ते मोजत. यंदा लेक जेवताना म्हणाली, "बाबा, खिडकीत एकटे बसू नका. तुम्हीपण शिका."

"या वयात?"

"शिकाऊ वर्गात निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात."

"स्की भाड्याने मिळतात," जावई म्हणाला. जावई चांगला माणूस आहे. दिवसाला एक वाक्य बोलतो आणि त्याचा आग्रह धरत नाही.

"भाड्याने कशाला?" मी म्हणालो. "विकत घेतो. तपासून, व्यवस्थित."

लेकीने चमचा खाली ठेवला. तिने तिच्या घरातली एक खोली माझ्यासाठी रिकामी केली होती. पडदेसुद्धा लावून झाले होते. मला एकट्याला घर सांभाळणं जमत नाही, असं तिचं मत, आणि तिच्याकडे पुरावे होते. विजेचं एकच बिल मी दोनदा भरलं. किल्ली रात्रभर दाराला बाहेरून राहिली. एकदा रविवारी तिचा फोन आला तेव्हा आज गुरुवार आहे यावर मी तिच्याशी दहा मिनिटं भांडलो.

"ठरवूनच टाकू," ती म्हणाली. "ही स्कीची खरेदी तुम्ही एकट्याने करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नीट झाली तर मी खोलीचं नाव काढणार नाही. नाही झाली तर मार्चमध्ये सामान आमच्याकडे."

"लेखी देतेस?"

"बाबा."

"बरं, तोंडी."

मला हसू येत होतं. बाई माझ्याशी खरेदीवर पैज लावत होती.

दुसऱ्या दिवशी वही आणि टेप घेऊन पहिल्या दुकानात गेलो. दार बुटकं होतं, वाकून आत जावं लागलं. भिंतभर स्की उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर आकडे होते: १२२-७४-१०६, आणि पुढे R१४. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दुकानदाराने सांगितलं, पहिला आकडा पुढच्या टोकाची रुंदी, मधला मधली, शेवटचा शेपटाची, मिलिमीटरमध्ये. R म्हणजे ती किती मीटरच्या गोलात वळते ते. हे मी पंपाच्या ड्रॉइंगवर आयुष्यभर वाचत आलो होतो. वहीत लिहून घेतलं.

"ही एकशे चाळीस सेंटीमीटर, ही एकशे सत्तर," मी म्हणालो. "भाव?"

"सारखाच."

"तीस सेंटीमीटर जास्त माल, आणि भाव सारखा?"

"काका, स्की मीटरवर विकत नाहीत."

"पाइप विकतात."

"मग पाइप घ्या," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या दुकानात तीच स्की तिसऱ्या हिश्शाने स्वस्त होती. मी लगेच सावध झालो. इतका फरक असेल तर काहीतरी काढून घेतलेलं असतं. काढून घेतलं होतं ते बाइंडिंग.

"बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड," तिथली विक्रेती म्हणाली. "ती वेगळी घ्यावी लागते."

"म्हणजे दार विकता आणि बिजागऱ्या वेगळ्या."

"बिजागऱ्या दार सोडत नाहीत, काका. ही पकड तुम्ही पडलात की सोडते. नाही सोडलं तर पाय मोडतो. म्हणून ती माणसाच्या मापाने बसवतात. हलक्या माणसाला ढिली, भारी माणसाला घट्ट."

हे मला पटलं. सेफ्टी व्हॉल्व्ह असाच बसवतात. तिच्याकडून मी बूट घेतले, कारण बूट पायात घालून बघता येतात. स्की घेतल्या नाहीत.

तिसरं दुकान दुसऱ्या शहरातलं, फोनवर ऑर्डर घेऊन माल पाठवणारं. मागच्या वर्षीची स्की, बाइंडिंग बसवून, घरपोच, आणि तरी किंमत तिन्हींत कमी. अकरा रकान्यांचा तक्ता केला, तो दोनदा तपासला आणि फोन लावला.

"आणखी काही कमी होईल?" मी विचारलं.

"माल परत घेणार नाही अशी अट चालत असेल तर दहा टक्के," पलीकडचा कारकून म्हणाला. "पण मग मापं चुकली तर आमच्याकडे येऊ नका."

"मापं चुकणार नाहीत. मी सांगतोय."

"सांगा मग. उंची?"

"एकशे बावन्न."

"वजन?"

"सेहेचाळीस."

"सेहेचाळीस किलो?"

"हो. त्याच्या खाली जाऊ दिलेलं नाही."

"छान सांभाळलंय. वय?"

"एकसष्ट."

"बुटाच्या तळाची लांबी? टाचेपाशी छापलेली असते."

मी बूट उचलून वाचलं. "तीनशे पंधरा."

त्याने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग तो म्हणाला, "पाऊल मोठं आहे."

"बूट घालून बघितलेत. बरोबर बसतात."

"ठीक आहे. चालवणार कसं? सावध, मध्यम की बेधडक?"

"सावध. जिना उतरतानासुद्धा कठडा सुटत नाही."

कागदाकडे न बघता मी सगळे आकडे सांगितले होते. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आकडे विचारले होते आणि ते मला येत होते.

आठवड्याने खोकं आलं. उघडलं तर स्की जांभळट होत्या आणि टोकाला बारीक पांढरी फुलं होती. वहीतली ऑर्डर काढून बघितली. रंगाबद्दल मी काही लिहिलेलं नव्हतं. तेव्हा ही पुरवठादाराची चूक धरता येत नाही. मग एक उभी करून बघितली. स्की हनुवटीपर्यंत यावी असं पहिल्या दुकानात म्हणाले होते. ही माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत येत होती. टेपने मोजली, एकशे चाळीस. बिलावरही एकशे चाळीसच. माल आणि बिल जुळलं की खरेदी विभागाचं काम संपतं. मी पोच लिहून दिली आणि लेकीला फोन केला.

"आल्या. वेळेत आल्या."

"बरोबर आल्या?"

"बिलाप्रमाणे आल्या."

शिकाऊ वर्गाचा उतार म्हणजे जवळजवळ सपाट पटांगणच होतं. मी बूट आत दाबले, टक्क असा आवाज झाला, मी उभा राहिलो. एक पाऊल टाकलं. मी पुढे गेलो, उजवी स्की जिथे होती तिथेच थांबली. पुन्हा घातली. वळलो तर डावी निघाली. प्रशिक्षक म्हणाले गुडघे वाकवा, वाकवले तर परत डावी. नंतर मला शिंक आली आणि दोन्ही एकदम निघाल्या.

"काका," प्रशिक्षक म्हणाले, "तुम्ही स्की शिकायला आलात की काढून दाखवायला?"

अकरा वेळा पडलो. मोजत होतो, सवय आहे. आमची खिडकी तिथून दिसत होती आणि तिच्यात दुसरंच कोणीतरी बसलं होतं. जावई दर वेळी माझ्या स्की उचलून आणत होता. अकराव्या वेळी तो म्हणाला, "भाड्याने मिळतात."

मी लेकीकडे बघायचं टाळत होतो. मला मार्च महिना दिसत होता, ते पडदे दिसत होते.

"मालात दोष आहे," मी म्हणालो. "पकडीची स्प्रिंग कमी ताकदीची लावली आहे. मी त्यांना पत्र लिहितो. चांगलं दोन पानी लिहितो."

लेक बर्फात खाली बसली आणि तिने स्की आडवी केली. पकडीवर दुकानाने चिठ्ठी चिकटवली होती, कोणत्या मापाने बसवली त्याची. ती वाचत बसली. वाचायला तिथे फार काही नव्हतं, तरी तिला वेळ लागला.

"बाबा, आपल्यात एकशे बावन्न कोण आहे?"

"तू," मी म्हणालो. तिची उंची आईवर गेली आहे.

"मी एकसष्ट वर्षांची नाहीये. आणि सेहेचाळीस किलोची तर नाहीच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दोन वर्षं दर सोमवारी दवाखान्याच्या खिडकीत मी बायकोचे हे आकडे सांगत होतो. खिडकीमागची बाई मान वर न करता विचारायची, उंची, वजन, वय, आणि मी सांगायचो. सेहेचाळीसच्या खाली जाऊ देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. शेवटच्या महिन्यात गेलं, पण तो आकडा मी पाठ केला नाही. आणि माझं वजन मला त्या दोन वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

"मला वाटत होतं तुम्ही विसरायला लागलात," लेक म्हणाली.

"विसरलो असतो तर माल बरोबर आला असता."

ती हसली. मग हातमोज्याने नाक पुसलं. जावई डोंगराकडे बघत उभा राहिला. तेवढं त्याला चांगलं कळतं.

उताराच्या कडेला दुरुस्तीची खोली होती. तिथला मिस्त्री म्हणाला, "पकड घट्ट करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण स्की आखूडच राहणार, तुम्हाला नाही चालायच्या. या बाईंना चालतील. तुमच्यासाठी मी दुसरी जोडी भाड्याने देतो. वजन किती तुमचं?"

"माहीत नाही."

"अंदाजे सांगा."

"अंदाजाने मी कधी खरेदी केलेली नाही."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मग त्या पांढऱ्या फुलांकडे बघितलं, आणि शेजारच्या दाराकडे बोट केलं. तिथे रोपवेचा मालाचा काटा होता. वरच्या हॉटेलांची पोती, सिलिंडर आणि गाद्या तिथे तोलून वर पाठवतात. काट्यावरचा माणूस टोपी कानावर ओढून बसला होता.

"यांचं वजन करायचंय," लेक म्हणाली.

"पावती फाडल्याशिवाय काटा चालू होत नाही."

"मग फाडा."

मी दोन पोत्यांच्या मध्ये उभा राहिलो. त्याने पावतीचं पुस्तक उघडलं.

"नग?"

"एकच आहेत," लेक म्हणाली.

"मालाचं वर्णन?"

"वडील."

त्याने मान वर न करता लिहिलं, वडील. काट्याकडे बघून पुढच्या रकान्यात एक्क्याण्णव लिहिलं.

"हाताळणी? साधी की काळजीपूर्वक?"

"काळजीपूर्वक."

"पोचवायचं कुठे?"

असल्या पावत्या मी आयुष्यात हजारांनी भरल्या आहेत. या रकान्यात मालाचं मत विचारत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून मी काट्यावर गप्प उभा राहिलो.

"कुठलातरी पत्ता घाला हो," तो माणूस म्हणाला. "रकाना रिकामा ठेवता येत नाही."

लेकीने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. खरेदी विभागात उलटा कागद वाचायला शिकावंच लागतं. तिसरा मजला, आमची गल्ली, आमचा घर क्रमांक. माझा पत्ता होता.

"आणि पडदे?" मी विचारलं.

"पाहुण्यांना होतील," ती म्हणाली. "पण विजेचं बिल यापुढे मी भरणार."

"एकदाच भर."

"उतरा आता, बाबा. मागे सिलिंडर थांबलेत."

मिस्त्रीने जांभळट स्कीची पकड लेकीच्या मापाने बसवून दिली. लेक संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर होती. वळणं सुरेख येत होती, एकदाही पकड सुटली नाही. चांगला माल होता, ते मी आधीपासून म्हणत होतो. माझ्यासाठी जावई भाड्याची जोडी घेऊन आला. 'मी म्हणालो होतो' असं म्हणायची त्याला पुरेपूर संधी होती, पण त्याचं त्या दिवसाचं वाक्य होऊन गेलं होतं. त्या जोडीवर मी चौदा वेळा पडलो, पण दर वेळी स्कीसकट.

रोपवेची पावती मी पाकिटात ठेवली आहे. माझं माप असलेला तो एकच कागद माझ्याजवळ आहे. पुढे कोणी विचारलं तर बघून सांगता येईल. बायकोचं लिहून ठेवायची गरज नाही.

फक्त एक खुलासा करतो, कारण लेक ती पावती येईल-जाईल त्याला दाखवायला सांगते. एक्क्याण्णव हे वजन बुटांसकट आहे. कोटही ओला होता.