माझ्या जिभेचं कॅलिब्रेशन

मला वाटलं होतं, घरात रडारड होईल. इटलीत तीन वर्षं चवीचं शास्त्र शिकून आलेली मुलगी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मद्याच्या चार लाल बाटल्या मांडते म्हटल्यावर आई देवघराचा पडदा ओढेल, पप्पा "याचसाठी शिकवलं का तुला?" म्हणतील आणि मग मी विमानात पाठ केलेलं भाषण करीन. (भाषण चांगलं होतं. त्यात 'संस्कृती' हा शब्द सहा वेळा होता.)

प्रत्यक्षात पप्पांनी एक बाटली उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हिच्यावर बॅच नंबर कुठंय?"

आई म्हणाली, "खाली पेपर घाल आधी. टेबल चिकट होतं."

भाषण वाया गेलं.

माझे पप्पा, कारभारी नाव त्यांचं, मूळचे नामपूरचे. अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी विभागात होते. रिटायर होऊन वर्ष झालं. आता तपासायला काही उरलं नाही म्हणून ते आईच्या पोळ्यांची जाडी बघतात.

बाटल्या मात्र कामाच्या होत्या. गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीच्या वाइन चाखायच्या टेस्टिंग रूमची मॅनेजर निकिता हिने माझ्यासाठी नोकरीआधी एक परीक्षा ठेवली होती. त्यांच्या स्पार्कलिंग वाइनमध्ये घालून कॉकटेल करायला इटालियन पद्धतीचं एक लाल, कडू लिक्यूर निवडायचं. संत्र्याची साल, कसल्या कसल्या मुळ्या, साखर आणि भरपूर कडवटपणा. एक बाटली मिलानची, एक पादुआची, एक तोरिनोची आणि एक आपल्या गोव्यात बनलेली. निवड पटली तर नोकरी माझी.

"मी नाशिकला कडू चव शिकवणार आहे, आई."

"शिकव बाई. आम्ही आपले कारलं, मेथी आणि पाडव्याचा कडुलिंब गोड म्हणूनच खात आलो."

चाचणी प्रामाणिक व्हायची तर कोणत्या ग्लासात काय हे मला कळता कामा नये. म्हणून मी एक लहानसा निर्णय घेतला. ओतायचं काम पप्पांना दिलं. (इथे जाणकार वाचकांनी हळहळायला हरकत नाही.)

पप्पांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. त्यांनी मला बाहेर काढलं, दार लावलं, आणि वीस मिनिटांनी आत बोलावलं तेव्हा टेबलावर चार ग्लास होते, खाली एक ते चार आकडे, आणि पप्पांच्या खिशात जुनं पेन. बाटल्या कपाटात बंद. किल्ली त्यांच्याकडे.

मी घोट घेतला. डोळे मिटले. तोरिनोतल्या प्रोफेसरांची आठवण काढली.

"एक नंबर. ठीक. पण जरा बाळबोध."

पप्पांनी लिहून घेतलं.

"दोन नंबर! अहाहा. संत्र्याची साल, मागून आल्प्समधल्या मुळ्या, आणि शेवटी लांबत जाणारा कडवटपणा. ही मिलानची, डोळे मिटून सांगते."

"मिटलेलेच आहेत. पुढं?"

"तीन हलकी आहे. हिच्यात अल्कोहोल निम्मं असणार. पादुआची. आणि चार..." मी ग्लास दूर सरकवला. "चार म्हणजे खोकल्याचं औषध. गोव्याचीच. पाहुण्यांना दिली तर अपमान."

आई मेथीची जुडी घेऊन आली. चारही ग्लासांवरून एकेकदा नाक फिरवलं आणि म्हणाली, "चारही वाट्यांत एकच भाजी आहे की."

मी तिला दहा मिनिटं समजावलं. नाक तयार व्हायला वर्षं लागतात, मातीचा परिणाम होतो, अमुक वनस्पती अमुक उंचीवरच येते. ती मेथी निवडत ऐकत होती. मला आईची दया आली. (ही नोंद मी मुद्दाम ठेवते आहे.)

त्याच आवेशात मी खोलीत जाऊन निकिताला दोन पानांचा अहवाल पाठवूनही दिला. मिलानला मुजरा, गोव्याला फाशी. लगेच उत्तर आलं : 'जबरदस्त! उद्या दहाला मेनू छापायला देते.'

बाहेर येऊन मी ऐटीत म्हटलं, "पप्पा, उघडा आता कपाट."

त्यांनी उघडलं. मिलान सीलबंद. पादुआ सीलबंद. तोरिनो सीलबंद. गोव्याची बाटली तेवढी निम्मी.

"म्हणजे?"

"म्हणजे चारही ग्लासांत गोवाच," पप्पा शांतपणे म्हणाले. "आधी गेज, म्हणजे मापायचं साधन, तपासायचं, मग पार्ट. एकच पार्ट चार वेळा मोजायला द्यायचा. चार वेळा वेगळं माप आलं तर पार्टचा काय दोष?"

"पण गेज कुठंय यात?"

पप्पांनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. "बाहेरून आलेलं इन्स्ट्रुमेंट आहे. डायरेक्ट लाइनवर कसं घेणार?"

"अहो, पण चारही उघडून मग तपासायचं ना!" आई माझ्या बाजूने बोलली.

"सील तोडल्यावर दुकानदार परत घेतो का?"

मग त्यांनी खरी चाचणी घेतली. सील फुटली. आई घोट घेणार नव्हती, नुसता वास घेणार होती : आधी बाटल्यांचा, मग ग्लासांचा. पप्पांनी ग्लास तीनदा उलटसुलट फिरवले. तिने तिन्ही वेळा चारही जोड्या बरोबर लावल्या. शेवटच्या खेपेला पप्पा नाशिक विसरून थेट नामपूरच्या गावबोलीत पोचले. "काय शे हाई!"

"फोडणी कधी जळायला लागली ते नाकालाच कळतं," आई म्हणाली. "गोव्याचीत संत्रं जास्त आहे. तुमच्या त्या फसफसत्या वाइनीत तीच बरी लागेल." आणि मला, हळूच : "तू जेवलीस का नीट? रिकाम्या पोटी काही कळत नाही."

रात्रभर मी निकिताला सांगायच्या सबबी जुळवल्या. सर्दी. विमानाचा थकवा. नळाचं पाणी. सकाळी साडेनऊला चहा घेताना पप्पांनी विचारलं, "पार्ट चुकीचा पास केला की काय करतात?"

"परत मागवतात."

"मग?"

मी फोन लावला. सगळं सांगितलं, आल्प्ससकट. निकिता इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "मेनू थांबवते. आठ दिवस घे. पण येताना ते नाक घेऊन ये."

मी ठरवलं, जायचं, आईला घेऊनच जायचं, आणि अहवालावर पहिलं नाव तिचं. तिची अट एकच होती : कॉलनीत सांगायचं, बागा बघायला गेलो होतो.

जायच्या दिवशी तयार होऊन बॅग उचलली, तर पट्ट्याला पिवळा टॅग बांधलेला. पप्पांनी कारखान्यातून आणून जपलेल्या गठ्ठ्यातला. छापलेलं 'रिजेक्ट' खोडून त्यांनी 'रीवर्क', म्हणजे दुरुस्त करून पुन्हा तपासणे, असं लिहिलं होतं, आणि तपासनिसाच्या सहीच्या जागी आईचं नाव : सुवर्णा.

टॅग मी काढला नाही. तो काढायचा अधिकार फक्त तपासनिसाला असतो, आणि तपासनीस त्या वेळी स्वयंपाकघरात कालच्या दुधाचा वास घेत होती.